जपानच्या खेड्यात राहताय? मग गावच्या मात्सुरीला असं जा

नाशिकहून जपानला कामाला निघालेली मुलं-मुली माझ्याकडे भाषा शिकायला येतात. कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला, कुणी नर्सिंग झालेली. व्हिसा हातात आला की पहिला प्रश्न जेवणाचा, दुसरा थंडीचा. उन्हाळ्याचं कुणी विचारत नाही. आणि खेड्यात राहायचं असेल तर तोच खरा मोसम, मात्सुरीचा, म्हणजे गावच्या उत्सवांचा. जुलै-ऑगस्टमध्ये गावाने तुम्हाला मांडवात खांब धरताना पाहिलं, की पुढचं वर्ष सोपं जातं. नाहीतर तुम्ही ‘त्या कंपनीच्या खोल्यांत राहणारे परदेशी’ एवढेच उरता.

मी गिफु प्रांतात, गुजोच्या डोंगराळ भागात एका वृद्धाश्रमात काम करत होते, म्हणून उदाहरणं तिकडची येतील. तुम्ही आकिताला किंवा शिकोकूला गेलात तर गाणी वेगळी असतील, तारखा थोड्या मागेपुढे असतील. जायची रीत फारशी बदलत नाही.

आधी छोटा उत्सव निवडा

इंटरनेटवर शोधलं की नेमके बडे उत्सव समोर येतात: आओमोरीचा नेबुता (2 ते 7 ऑगस्ट), तोकुशिमाचा आवा ओदोरी (12 ते 15 ऑगस्ट), नागाओकाची आतषबाजी (2 आणि 3 ऑगस्ट). एकदा जरूर बघा. पण त्या दिवसांत हॉटेलं कित्येक महिने आधी भरलेली असतात, चांगल्या जागेला तिकीट असतं, आणि निम्मी रात्र स्टेशनच्या रांगेत जाते. नुसती गर्दीच बघायची तर सिंहस्थ पाहिलेल्या नाशिककराने विमानाचं तिकीट कशाला काढावं?

पहिल्या वर्षी आपल्या वस्तीचा उत्सव धरा. प्राथमिक शाळेचं मैदान, जिन्जाचं, म्हणजे शिंतो देवळाचं, अंगण किंवा कोमिनकान, म्हणजे गावचं सभागृह, यांपैकी कुठेतरी तो होतो. शे-दोनशे माणसं, चार-पाच तंबू, मधे बांबूचा किंवा लोखंडी पाइपांचा मचाण. या मचाणाला यागुरा म्हणतात. बाहेरचं कुणी येत नाही, त्यामुळे तुम्ही आलात हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. लाजरा माणूस याच गोष्टीला घाबरतो, पण फायदा यातच आहे.

गुजो-हाचिमान गावचा उत्सव मात्र मोठा असूनही अपवाद. तिथला नाच जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिसेक रात्री चालतो. जागा रोज बदलते, आज या गल्लीत तर उद्या त्या चौकात. 13 ते 16 ऑगस्ट या चार रात्री तो पहाटेपर्यंत असतो. तिथे बघे कमी आणि नाचणारे जास्त. कुणीही रिंगणात शिरावं, कुणी अडवत नाही. 2022 मध्ये युनेस्कोने जपानमधल्या 41 लोकनृत्यांना वारसा यादीत एकत्र जागा दिली, त्यात हाही आहे.

तारीख कळणार कशी

खेड्यात बातमी फोनवर येत नाही, कागदावर येते. घरोघर फिरणारी एक फाइल असते, कायरानबान. ती आली की नोटीस वाचायची, सही करायची आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायची. कंपनीच्या खोलीत राहणाऱ्यांपर्यंत ती बहुतेक वेळा पोचतच नाही. म्हणून जूनमध्येच शेजारच्या आजोबांना विचारा, किंवा वस्तीचा कुमिचो, म्हणजे वस्तीचा प्रमुख, कोण ते शोधून त्याला गाठा. नगरपालिकेचं मासिक पत्रक येतं, कोहो नावाचं, त्यातही यादी असते. शिवाय हमरस्त्यावरच्या मिचिनोएकीत, म्हणजे भाजीपाला विकणाऱ्या थांब्यांवर, भिंतभर पोस्टरं लागतात. फोटो काढून आणा आणि कामाच्या ठिकाणी कुणाकडून तरी वाचून घ्या. त्या निमित्ताने दोन वाक्यं बोलणंही होतं.

पोस्टरवर वर्ष रेइवामध्ये, म्हणजे जपानी सनात, लिहिलेलं असू शकतं. रेइवा 8 म्हणजे 2026. तळाशी पावसाबद्दल एक ओळ असते, ती चुकवू नका: ‘उतेन केक्को’ म्हणजे पावसातही होणार, ‘उतेन जुन्येन’ म्हणजे पुढच्या दिवशी, ‘उतेन चूशी’ म्हणजे रद्द.

ड्यूटीचं आधीच बघा. ओबोन, म्हणजे पितरांचे दिवस, बहुतेक प्रांतांत 13 ते 16 ऑगस्ट असतात. कारखाने तेव्हा बहुधा बंद असतात, वृद्धाश्रम आणि दवाखाने नसतात. मुलंबाळं असलेल्या सहकाऱ्यांना हेच दिवस हवे असतात. आमच्याकडे मी सरळ सौदा करायचे: तेराची रात्रपाळी माझी, त्या बदल्यात वस्तीच्या उत्सवाची शनिवारची संध्याकाळ मोकळी. वस्तीचे उत्सव बऱ्याचदा शनिवारीच असतात, त्यामुळे हा सौदा सहज पटतो.

पाहुणा होऊन जाऊ नका

माझं ठाम मत असं, की उत्सवाला संध्याकाळी सहाला जाऊ नये, सकाळी आठला जावं. त्याच्याही आधी, जुलैतल्या गवतकापणीला.

उत्सवाच्या आधी गाव मिळून रस्त्याकडेचं आणि देवळाभोवतीचं गवत कापतं. ऊन चढायच्या आत काम उरकायचं असल्याने सकाळी सहा-सातला सुरुवात होते. सुती हातमोजे, टोपी, गळ्यात टॉवेल, लांब बाह्या. गवत कापायचं मशीन कुणी कौतुकाने हातात दिलं तरी घेऊ नका. पातं दगडाला लागलं की उडतं, आणि ते चालवणारे सत्तरीचे आजोबा चाळीस वर्षं तेच करत आलेले असतात. दाताळं घ्या, कापलेलं गवत ओढा. शेवटी प्रत्येकाला थंड चहाची बाटली मिळते. ती घेताना ‘ओत्सुकारेसामा देस’ (कष्ट घेतलेत, आभार) म्हणा, आणि लगेच विचारा: ‘मात्सुरीला माझ्यासाठी काही काम आहे का?’ जपानीत: ‘मात्सुरी नो हि, नानिका तेत्सुदाऊ कोतो, आरिमास का?’ माझ्या वर्गात हे वाक्य पाठ केल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

काम असतंच. या गावांत तरुण उरलेले नाहीत. इवाते प्रांतातला हजार वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा सोमिनसाई उत्सव फेब्रुवारी 2024 मध्ये शेवटचा झाला, कारण तो करणारी माणसं म्हातारी झाली होती. तंबूचे सहा पाय एकदम उचलायला सहा धडधाकट माणसं लागतात, आणि तुमच्या वस्तीत कदाचित चारच असतील. कुणीतरी ‘सेऽऽनो’ म्हणेपर्यंत थांबा, त्या शब्दावर सगळ्यांनी एकत्र उचलायचं असतं. कंदील टांगणं, खुर्च्या मांडणं, बर्फाच्या पेट्या वाहणं ही बाकीची कामं. मुलींना मात्र तिथेही न विचारता स्वयंपाकघरात, ओनिगिरी वळायला पाठवतात. मला त्यातलं काही जमत नव्हतं. मी शिडीवर चढून कंदिलांच्या माळा बांधायचे आणि कुणी हरकत घेतली नाही. तुम्हाला भात वळायला आवडत असेल तर जरूर जा, गावच्या सगळ्या बातम्या तिथेच कळतात.

वर्गणीचं थोडं. तिथे मागायला कुणी दारात येईल असं नाही, पण दिली तर नाव कागदावर लिहून मांडवात लावतात. पाकीट शंभर येनच्या दुकानात किंवा चोवीस तासवाल्या दुकानात मिळतं. लाल-पांढऱ्या दोऱ्याची फुलपाखरासारखी गाठ असलेलं घ्या. काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं मयताला देतात, तिकडे हातही नेऊ नका. रक्कम शेजाऱ्याला विचारून ठरवा. दोन-तीन जणांनी मिळून पाकिटाऐवजी चहाच्या बाटल्यांचा खोका दिला तरी चालतो, उलट तो लगेच वापरात येतो.

कपडे

युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, नसेल तर काही बिघडत नाही. सुती कुर्ता-पायजमा घालून गेलात तर आज्या कापड चाचपून बघतील. युकाता हवाच असेल तर जुन्या वस्तूंच्या दुकानात स्वस्तात मिळतो. नियम एकच, आणि तो पक्का: उजवी बाजू आत, डावी बाजू वर. उलटं मयताला नेसवतात. पुरुषांनी पट्टा कमरेच्या हाडावर, पोटाखाली बांधावा. छातीवर बांधला तर आखूड झग्यात अडकल्यासारखे दिसाल. आतून पातळ लेगिंग घाला, घाम आणि डास दोन्हीसाठी. गेता, म्हणजे लाकडी चपला, नव्या असतील तर अंगठ्याच्या बेचक्यात आधीच पट्टी चिकटवून ठेवा. टाच थोडी मागे बाहेर येते, ती येऊ द्या.

रिंगणात शिरताना

नाच कठीण नसतो, पण पहिलं पाऊल टाकणं कठीण असतं. आतलं रिंगण जाणकारांचं, बाहेरचं शिकणाऱ्यांचं, अशी साधारण वाटणी असते. बाहेरच्या रिंगणात, एखाद्या वयस्कर बाईच्या तिरकस मागे उभं राहा. तिच्याकडे बघत दोन फेऱ्या फक्त पाय चालवा. पाय बसले की हात. एकच चाल पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे गाणं संपेपर्यंत निम्मं तरी जमतंच.

मी मात्र उलटं शिकले. आमच्या आश्रमाच्या अंगणातही उन्हाळी उत्सव व्हायचा, आणि चाकाच्या खुर्चीतल्या आज्या बसल्या जागी फक्त हातांनी नाचायच्या. सकाळी मी कोण हे ज्यांना आठवायचं नाही, त्यांचे हात ‘कावासाकी’ या गुजोच्या गाण्याच्या चालीत एकदाही चुकत नव्हते. त्यामुळे मला हात आधी आले आणि पाय गावात. वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांनी ही शाळा सोडू नये. फीही नाही.

नाशिकमधूनच काही शिकून जायचं असेल तर ‘तान्को बुशी’ शिका. मूळ क्यूशूच्या कोळसा खाणींचं हे गाणं आता जपानभर बोनच्या नाचात वाजतं. चाल म्हणजे खाणकामाची नक्कलच: उजवीकडे दोनदा खणा, डावीकडे दोनदा खणा. मग पोतं उजव्या खांद्यावरून, डाव्या खांद्यावरून मागे टाका. कपाळावर हात धरून मागे सरकत दोनदा बघा, पुढे येत गाडा दोनदा ढकला, हात उघडा आणि टाळ्या. आम्ही हे पंचवटीत गच्चीवर करतो. पलीकडच्या गच्चीवरून आधी हसू आलं, मग दोन काकूही सामील झाल्या.

गुजोला गेलात तर ‘कावासाकी’ संथ आणि नवख्यासाठी बरी, ‘हारुकोमा’ घोड्याच्या चालीची, दम काढणारी. ‘मात्सुसाका’ सुरू झाली की रात्र संपली असं समजा. बहुतेक रात्री एक चाल परीक्षेची असते. परीक्षक गर्दीतून फिरतात आणि चांगलं नाचणाऱ्याच्या हातात लाकडी पाटी ठेवतात, ती दाखवली की प्रमाणपत्र घेता येतं. त्यामागे धावू नका, पण मिळालं तर घरी फ्रेम करून लावायला हरकत नाही.

ढोलपथकात वाजवणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. यागुरावरचा ताइको, म्हणजे जपानी ढोल, बघून हात शिवशिवतील. कंबरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवण्याची ताकद तुमच्यात आहे हे मान्य, पण काठ्या मागू नका. ते वाजवणारे आठवडेच्या आठवडे संध्याकाळी सराव करतात. सरावाची जागा आणि वार विचारा, चार वेळा जाऊन बसा, मग पुढच्या वर्षी काठ्या आपोआप हातात येतील.

देवळाची पालखी, मिकोशी, निघणार असेल तर खांदा द्यायला बोलावतील. हाप्पी नावाचा आखूड कोट वस्तीकडून मिळतो. तो धुवून परत द्यायचा की तसाच, ते विचारून घ्या. तुम्ही उंच असाल तर सगळा भार तुमच्या खांद्यावर येईल. आपल्या उंचीची जोडी शोधा, खांद्यावर टॉवेलची घडी ठेवा, ‘वाश्शोई’च्या ठेक्यावर पाय आपटा. बायकांनी खांदा द्यायचा की नाही हे गावागावावर आहे. एक जपा: मिकोशी जाताना वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली बघू नका, देवाला वरून बघणं बरं मानत नाहीत.

खाणं

शाकाहाऱ्यांनी घरून पोटभर जेवून निघावं, हा माझा पहिला सल्ला. ताकोयाकीत ऑक्टोपस, याकिसोबात डुकराचं मांस, ओकोनोमियाकीवर माशाचे पापुद्रे. मांस बाजूला काढलं तरी पिठात किंवा रश्श्यात मासळीचं दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, असतं. विचारायचं असेल तर ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन’ (मांस-मासे खाता येत नाहीत) म्हणा, आणि पुढे ‘दाशी मो’ जोडायला विसरू नका.

पण उपाशी मरत नाही कुणी. सोया सॉस लावून भाजलेलं मक्याचं कणीस, लोणी टाकलेला उकडलेला बटाटा, काकिगोरी म्हणजे बर्फाचा गोळा, साखरेचा पाक चढवलेलं सफरचंद. गिफुकडे गोहेइमोची मिळतो: भात कुटून काडीवर थापायचा, अक्रोड आणि मिसोचं वाटण लावून भाजायचा. सॉसमध्ये दाशी नाही ना एवढं विचारा, आणि नसेल तर दोन घ्या. मासे खाणाऱ्यांनी नागारा नदीचा आयु, मीठ लावून काडीवर भाजलेला, सोडू नये.

धंदेवाईक टपरीवर एक पदार्थ साधारण 500 ते 800 येनना, वस्तीच्या तंबूत बराच स्वस्त. नोटा मोडून शंभरची आणि पाचशेची नाणी घेऊन जा. कार्ड, फोन काही चालेल असं धरू नका. कागदी जाळीने सोनमासे पकडायचा खेळ खेळा, पण कंपनीच्या खोलीत टाकी नसेल तर मासे परत द्या, ते घेतात. कचरा बहुतेक घरीच न्यावा लागतो, म्हणून खिशात एक पिशवी हवी. सोडतीची चिठ्ठी मिळाली असेल तर शेवटपर्यंत थांबा, तांदळाचं पोतं लागू शकतं.

सुतक, पितर आणि कॅमेरा

ज्यांचं बालपण रामकुंडाशेजारी गेलं त्यांना ओबोन समजावून सांगावा लागत नाही. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, पितरांनी लवकर यावं म्हणून. वांग्याची गाय करतात, त्यांनी सावकाश परतावं म्हणून. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल त्यांचा हा पहिला बोन असतो. तिथे बोलावलं तर शांतपणे जा, फोटो काढू नका. आपल्याकडे घरात मृत्यू झाला असेल तर तेही शेजाऱ्यांना सांगा. सुतकासारखी रीत तिथेही आहे. साधारण पन्नास दिवस जिन्जाच्या कमानीखालून जात नाहीत. बोनचा नाच बौद्ध परंपरेतला, त्याचं वेगळं. काय चालेल ते तेच सांगतील. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नका.

ऊन, किडे आणि परतीची वाट

नाशिकचा मे कोरडा असतो, तिथला ऑगस्ट ओला. गिफुतल्याच मिनो शहरात 8 ऑगस्ट 2018 ला पारा 41.0 अंशांवर गेला होता, आणि सूर्य मावळला तरी अंगावरचा घाम वाळत नाही. मीठ-साखरेचं पाणी प्या. कुणाला गरगरलं तर सावलीत न्या. शुद्ध हरपत असेल तर 119. ओढ्याकाठी बुयो नावाची बारीक काळी माशी चावते. सूज आठवडाभर राहते, म्हणून पाय झाका.

बीअरचा आग्रह होणार. गाडी घेऊन आला असाल तर ‘कुरुमा देस’ (गाडी आहे) एवढंच म्हणा, पुढे कुणी एक शब्द बोलत नाही. श्वासात लिटरमागे 0.15 मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं तरी गुन्हा आहे, आणि शेजारी बसलेला किंवा दारू पाजणारासुद्धा अडकतो. ‘मी सायकलवर आलोय’ ही पळवाटही नोव्हेंबर 2024 पासून बंद झाली. सायकलवर पिऊन बसलात तरी शिक्षा होते, आणि व्हिसावर राहणाऱ्याला हे परवडणारं नाही. गुजोकडे नागारागावा रेल्वेच्या गाड्या मोजक्याच, शेवटच्या गाडीच्या वेळेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रात्रभराच्या नाचाला जाणार असाल तर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत तिथेच राहायचं, हे धरून निघा.

वस्तीचा उत्सव बहुधा नऊच्या ठोक्याला संपतो. गाणं थांबतं, दिवे लागतात, आणि दहा मिनिटांत मैदान रिकामं. ‘अजून एक गाणं’ कुणी मागत नाही, तुम्हीही मागू नका. निघताना आवराआवर किती वाजता ते विचारा. ती दुसऱ्या दिवशी सकाळी असते आणि तिला आदल्या दिवसाच्या निम्मीच माणसं येतात. हातमोजे घेऊन वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा. तंबूचे पाय दुमडताना कुणीतरी ऑक्टोबरच्या मात्सुरीची बैठक कधी आहे ते सांगेल, तो वार लिहून घ्या.